भावाच्या घरी जाऊन दिलेली माफी

कोणाला माफ करायचं असेल तर निदान त्याच्या घरी, त्याच्याच खुर्चीवर बसून, चहा यायच्या आधी करू नये. चहा झाल्यावर करावं. क्षमेबद्दल एवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून खात्रीनं सांगू शकतो. बाकीचं पाळकसाहेबांना विचारा. ते त्यांचं काम आहे, आणि त्यांनाही ते पुरतं जमतं असं मला वाटत नाही.

माझा धाकटा भाऊ गारखेड्यात राहतो, मी पुंडलिकनगरात. रमतगमत चाललं तरी वीस मिनिटांत त्याचं दार येतं. पुण्याहून निवृत्त होऊन परत आल्यावर तीन वर्षं मी ती वीस मिनिटं चाललो नाही, आणि त्याच्या आधीची चार वर्षं पुण्यातून फोन केला नाही. आमचं भांडण झालं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. रविवारी चर्चच्या दारात समोर आला की मी ‘सलाम’ म्हणायचो, तो ‘सलाम दादा’ म्हणायचा, हात मिळवायचा, दोघं दोन बाजूंच्या बाकांवर जाऊन बसायचो. नात्यातल्या लग्नात एका टेबलावर बसून बिर्याणीही खाल्ली. बाहेरच्याला काही कळलं नसतं. मलाही रोज आठवण असायची असं नाही.

कारण आई होती. आई त्याच्याकडे असायची. चिकलठाण्याच्या आमच्या कंपनीनं खातं बंद करून आम्हा काही फिटर लोकांना पुण्याच्या कारखान्यात पाठवलं, तेव्हापासून मी आणि बायको तिकडं दोन खोल्यांत राहत होतो. सात वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सकाळी साडेआठला भावाचा फोन आला.

“दादा, आई गेली. ये.”

“किती वाजता?”

“पहाटंच गेली. माती चारला ठेवलीय. निघ.”

मी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. बायकोला रिक्षातून भावाच्या घरी पाठवलं आणि मी थेट कबरस्तानात गेलो. माती सारखी करून झाली होती. वर झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. लोक नळावर हात धूत होते.

आमच्यात पेटी खाली सोडली, प्रार्थना झाली की थोरला मुलगा पहिली मूठ टाकतो. मग धाकटा, मग बाकीचे. पेटीच्या फळीवर ती पहिली माती पडते तेव्हा एक आवाज येतो. वडिलांच्या वेळी मी तो ऐकला होता. आईच्या वेळचा ऐकला नाही.

समोरून माझा जुना दोस्त आला. चिकलठाण्याला आम्ही एकाच शॉपवर वीस वर्षं काढली. मी फिटर, तो टर्नर. आईच्या हातचं त्यानं इतक्या वेळा खाल्लं होतं, की ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा आमच्याकडं यायचा. त्याचे हात अजून मातीनं भरलेले होते.

“फिटरसाब,” तो म्हणाला, “मैंने डाल दी. तेरे नाम की भी डाल दी.”

त्याच्यामागं भाऊ उभा होता. मी त्याला विचारलं, “थांबला नाहीस?”

“ऊन लई होतं, दादा,” तो म्हणाला.

बस्स, एवढंच. त्यानंतर त्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

तुम्हाला वाटेल मी रागानं पेटलो असेन. मीही वाट बघितली. राग आला नाही. रडूही आलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात, मग दोन तास अर्धा जबडा आपला राहत नाही. आपण चहा पितो, तो ओठातून सदऱ्यावर गळतो, आणि समोरच्यानं सांगेपर्यंत कळत नाही. माझं तसं झालं. जबड्याचं दोन तासांत ओसरतं, हे ओसरलं नाही, इतकाच फरक.

ते गळणं दिसायचं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी आमच्याकडं प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. ज्याच्या मनात भावाविषयी काही असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा आणि मग यावं, असं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. बाकी कोणतीही आज्ञा मी इतक्या काटेकोरपणे पाळलेली नाही. नेमकी ही पाळली, अर्धी. समेट केला नाही आणि गेलोही नाही. बाकामागून बाक उठायचा, लोक पुढं जाऊन कठड्याशी गुडघे टेकायचे, आणि मी बसून राहायचो.

चर्चमध्ये बसून राहिलेला माणूस उभ्या माणसापेक्षा जास्त दिसतो. इथं परत आल्यावर पहिल्या महिन्यात मी अॅसिडिटी सांगितली. दुसऱ्या महिन्यात, डॉक्टरांनी गोड बंद केलंय असं सांगितलं, कारण आमच्याकडचा द्राक्षारस सरबतासारखा गोड असतो. त्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी पुढच्या रविवारी कारल्याचा रस बाटलीत भरून आणला आणि मी तो त्यांच्यासमोर प्यायलो. मग मात्र गुडघ्यावर आलो, आणि गुडघा चांगला चालला. गुडघ्याला कोणी औषध आणत नाही, स्वतःच्या गुडघ्याचं सांगत बसतात.

“अहो,” बायको एकदा म्हणाली, “तुमचा गुडघा पहिल्या रविवारीच दुखतो का? काल तर गच्चीवर चढून टाकी धुतली.”

“टाकीला वाकावं लागत नाही.”

“देवाला लागतं, नाही का,” ती म्हणाली आणि पुढं काही बोलली नाही. ती पुढं काही बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

तिनंच पाळकसाहेबांना घरी बोलावलं असणार. ते नवीन आलेले, वयानं माझ्या मुलाहून लहान, मला काका म्हणतात. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, “काका, काय आहे मनात?”

मी सांगितलं. माझ्याच कानाला ते इतकं लहान वाटलं. पाऊण तासाचा प्रश्न.

ते म्हणाले, “काका, मनात क्षमा यायची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. आधी तोंडानं म्हणा. मन मागून येतं.”

मला ते पटलं, आणि माझी एक खोड आहे, काही पटलं की मी त्यात भर घालतो. “म्हणजे पंप कोरडा पडला की आधी वरून तांब्याभर पाणी ओततो, मग तो ओढायला लागतो, तसं?”

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. पुढच्या रविवारच्या प्रवचनात तो पंप आला. ‘आपल्यातल्याच एका भावानं मला सांगितलं,’ असं ते म्हणाले, नाव घेतलं नाही. पण आमच्या मंडळीत पंप उघडणारा माणूस एकच आहे. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माझा भाऊपण बघत होता. पंपात काय अडकलंय हे त्याला माहीत नव्हतं.

उपवासकाळात आमच्याकडं रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थना असते. सतरंजी अंथरायची, शेजारपाजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणायच्या, गीतं म्हणायची, ज्याला वाटेल त्यानं उठून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. शेवटी चहा. त्या वर्षी यादीत भावाचं घर होतं.

“जायचं,” बायको म्हणाली. नुसती माहिती दिल्यासारखं.

गेलो. खोली गच्च भरली होती. मला थोरला म्हणून भावाची लाकडी खुर्ची दिली. भिंतीवर आईचा फोटो होता. मी त्याच्याकडं पाठ येईल असा बसलो. दोन गीतं झाली. एका बाईंनी मूतखडा कसा पडला त्याची साक्ष दिली, आकारासकट. एका काकांनी मुलाला नोकरी लागल्याची दिली. मग पाळकसाहेब म्हणाले, “आणखी कोणी?” आणि बघितलं माझ्याकडं.

मी उठलो. का उठलो ते आजही सांगता येणार नाही. इतकं आठवतं की मनात तांब्या होता.

“मी,” मी म्हणालो, “आज प्रभूसमोर आणि तुम्हा सगळ्यांसमोर माझ्या भावाला क्षमा केली आहे.”

“आमेन!” सगळी खोली. मूतखड्याच्या बाई रडायलाच लागल्या. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात, हातात चहाचा ट्रे घेऊन, भाऊ उभा होता.

“कशाबद्दल?” त्यानं विचारलं.

खरंच विचारलं. टोमणा नव्हता. मला वाटतं त्या क्षणी त्याच्या डोक्यातून भावाभावांतल्या सगळ्या शक्य गोष्टी जात असणार, आणि त्यातली एकही सापडत नसणार. किंवा एक सापडत असेल.

“आईच्या... मातीच्या वेळी,” मी म्हणालो. ट्रेमधले कप किणकिणले. “तू थांबला नाहीस.”

त्यानं ट्रे फ्रिजवर ठेवला. हळूच ठेवला. आत गेला. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, इतक्या वरच्या पट्टीत की दुसऱ्या ओळीला आख्खी खोली अडकली आणि ते एकटेच गात राहिले. भावजय दारात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. चहाला कोणी हात लावला नाही. चाळीस कप असतील. फ्रिजवरचे तर निवून साय धरून बसले.

घरी येताना बायको माझ्या चार पावलं पुढं चालत होती.

“केलं ना माफ,” मी म्हणालो. “सगळ्यांसमोर केलं.”

ती वळली नाही. “माफी दिली का पंचनामा केला?”

“पाळकसाहेबच म्हणाले आधी तोंडानं.”

“तोंडानं म्हणजे गावासमोर नाही हो. त्याच्या बायकोनं सकाळपासून घर पुसलं होतं.”

मला वाटलं होतं हलकं वाटेल. साक्ष देणारे सगळे सांगतात, ओझं उतरलं, डोळ्यांत पाणी आलं. मी त्या रात्री जेवलो, बातम्या बघितल्या, गाढ झोपलो. पाणी ओतून झालं होतं, पंप गप्प होता.

दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याला दोस्ताकडं गेलो. निवृत्तीनंतर त्यानं जालना रोडच्या आत एका गाळ्यात एक जुनी लेथ टाकली आहे. तो लेथवर वाकलेला होता. मी सगळं सांगितलं. थोडी सहानुभूती मिळेल अशी आशा होती.

त्यानं मशीन बंद केली. “फिरसे बोल. किसके घर में?”

“त्याच्याच.”

“उसके घर में बैठ के, उसकी कुर्सी पे, उसकूच माफ किया?”

“हो.”

“उसने मांगी थी क्या माफी?”

“नाही.”

“तो दी किसकू?” त्यानं कापसाच्या बोळ्यानं हात पुसले. हसत होता, पण नंतर हसू गेलं. “और सुन. मैं था ना उधर. तेरा भाई दो बार गेट तक गया था. रस्ते पे खडा रह के देखा उसने. तेरेकूच देखरा था वो. तूने सात साल क्या पकड के रखा यार?”

मी तिथून निघालो तेव्हा एक गोष्ट मला स्वच्छ समजली होती: मी गाढव आहे. दोनदा गेटपर्यंत गेला. रस्त्यावर उभा राहिला. मग माफी मागायची ती मी. मला, खरं सांगतो, थोडी तरतरीच आली. माफ करण्यापेक्षा माफी मागणं मला जास्त जमतं, आयुष्यभराचा सराव आहे. घरी पोचेपर्यंत मी वाक्यं जुळवली.

शनिवारी सकाळी भाऊ स्वतःच आला. सात वर्षांत पहिल्यांदा. चपला दारात काढल्या, नीट जुळवून ठेवल्या. बायकोनं पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं भांड्याचा आवाज होईना म्हणजे ती ऐकत होती.

तो काही बोलायच्या आत मी सुरू केलं. “माझं चुकलं. सगळंच चुकलं. मला कळलं, तू त्या दिवशी दोनदा गेटपर्यंत गेला होतास.”

“कोणी सांगितलं?”

मी दोस्ताचं सांगितलं. तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, “गेलो होतो. व्हय. पण तू येतोस का ते बघायला नाय गेलो, दादा. तू येत नाहीस ना, ते बघायला गेलो होतो.”

मला लगेच कळलं नाही. चेहऱ्यावर मी माफी मागणाऱ्याचंच हसू घेऊन बसलो होतो.

“अडीच वर्षं आई अंथरुणात होती,” तो म्हणाला. “तिचं सगळं मीच करायचो. हिला उचलणं व्हायचं नाय. रोज संध्याकाळी तिचं एकच. मोठ्याचा फोन आला का? मी समोर बसून तिला भरवतोय आणि ती मला विचारतीय. बरं, ती आई होती, ठीक. पण त्या दिवशी जो येईल तो दारातच, मोठा निघाला का? मोठा कुठवर आला? मी सकाळपासून पाणीपण प्यालो नव्हतो, हे एकानंपण विचारलं नाय.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

“तुला कुठून माहीत असंल. तेव्हाचे पाळकसाहेब चारला म्हणाले, थांबायचं का अर्धा तास, मोठे रस्त्यात आहेत? मी म्हटलं नको. ऊन लई आहे, म्हाताऱ्या माणसांना सोसायचं नाय. ऊन नव्हतं, दादा. ढग आले होते, तू येईपर्यंत पांगले. सगळ्यांना दिसत होते ढग. कोणी काही बोललं नाय.” त्यानं नाक पुसलं. “मला एकदा आईचं काहीतरी तुझ्याशिवाय व्हायला पाहिजे होतं. झालं. परवा तू सगळ्यांसमोर म्हणालास तेव्हा मी कशाबद्दल विचारलं. मला माहीत होतं कशाबद्दल. खोटं विचारलं मी. आता खरं सांगितलं. आता कर माफ.”

तो माझ्याकडं बघत होता. बायको चहा घेऊन दारात येऊन थांबली होती. इथं काहीतरी म्हणायचं असतं. उठून मिठी मारायची असते. चाळीस माणसांसमोर, न विचारता, जे मी खणखणीत आवाजात दिलं होतं, ते आता एका माणसाला, मागितल्यावर, द्यायचं होतं.

“बिस्कीट घे,” मी म्हणालो.

त्यानं घेतलं. खाल्लं. चहा प्यायला. चपला घालून गेला. बायकोनं कप उचलले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “छान बोललात.”

नंतरचा आठवडा मी नुसता खिडकीत बसून काढला. तोवर मी ज्याला माफ केलं होतं तो माझ्या मनातला भाऊ होता. विचार न करता घाई केलेला, उन्हाला भ्यालेला. त्याला माफ करणं स्वस्तातलं होतं. हा खरा भाऊ ढगाखाली उभा राहून, रस्ता रिकामा आहे हे बघून परत आत गेला होता. याला माफ करायला गेलं की हात पुढंच जाईना. जड झाला नव्हता. नुसता तिथं नव्हता.

आणि ‘अर्धा तास’ हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना, कारण त्या दिवसातला एक अर्धा तास माझ्याकडंही होता.

तो मी कोणाला सांगितलेला नव्हता. लोकांना मी सांगत आलो, नगरच्या अलीकडं ट्रॅफिक होतं. ट्रॅफिक होतं, ते रोजच असतं. खरं असं की त्या सकाळी फोन आल्यावर मी बायकोला बस स्टँडवर सामानापाशी उभं केलं आणि तिकीट बघून येतो म्हणून समोरच्या दुकानात शिरलो. पांढरा सदरा घ्यायला. थोरला मुलगा पुढं उभा राहणार, सगळे बघणार, आणि माझ्याकडचे पांढरे सदरे कॉलरीला विरलेले. पहिल्या दुकानात माप मिळेना. दुसऱ्यात मिळालं, तर बाही लांब. दुकानदार म्हणाला घालून बघा, मी घालून बघितला. आरशात मागून-पुढून बघितला. बाहेर आलो तेव्हा बस गेली होती. दुसरी पाऊण तासानं होती. बायकोला सांगितलं, रांग मोठी होती. आई पेटीत होती आणि मी आरशात.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. प्रार्थना झाली, पाळकसाहेबांनी भाकरीवरचं पांढरं कापड काढलं, बाजाच्या पेटीवाल्यानं गीत धरलं आणि पुढचे बाक उठायला लागले. आमच्या बाकाची पाळी आली. बायको उठली, माझ्याकडं बघितलं, मी गुडघ्याकडं बघितलं, ती गेली.

पलीकडच्या बाजूला भावाचा बाक उठला. भाऊ उठला नाही. भावजयीनं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं मान हलवली. तीही गेली. आता आख्ख्या चर्चमध्ये बसलेले दोघंच. तो तिकडं, मी इकडं, मधे लाल जाजम.

तो एकही महिना चुकलेला नव्हता. आई गेली त्याच्या पुढच्या रविवारीपण तो कठड्याशी होता. मला तेच तर खुपलं होतं.

मी उठलो आणि जाजम ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. लोकांना वाटलं असेल आता काहीतरी होणार. म्हाताऱ्या बायका कठड्याशी वाकून मागं बघत होत्या.

“का जात नाहीस?” मी कुजबुजलो.

“तू जात नाहीस म्हणून.”

“मी तर सात वर्षं जात नाही.”

“मला गुडघाच वाटायचा, दादा.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी समोर बघत म्हणालो, “त्या दिवशी ट्रॅफिक नव्हतं. म्हणजे होतं. पण मी सदरा घेत होतो. पांढरा. मातीला घालायला. त्यात एक बस गेली.”

दोन बाक पुढं जाऊन परत आले.

“किती वेळ?”

“अर्धा तास. थोडा जास्त.”

“घालून बघितलास?”

“बघितला.”

“कुठंय तो?”

“बोहारणीला दिला.”

“काय आलं?”

“बादली,” मी म्हणालो. “प्लॅस्टिकची.”

त्याचा जबडा हलत होता. “सात वर्षं मी त्या अर्ध्या तासाचं खातोय,” तो म्हणाला. आवाज इतका हळू की मला त्याच्याकडं झुकावं लागलं. “आईच्या फोटोला हार घालताना डोळे वर करत नाय मी. आणि तू आरशात बघत होतास.”

“हो.”

“मला आता तुझं तोंड बघावंसं नाय वाटत.”

“मलापण तुझं नाही वाटत. शनिवारपासून.”

पुढं पाळकसाहेब हातात कापड घेऊन थांबले होते. उरलेल्या भाकरीवर ते परत झाकायच्या आधी ते नेहमी एकदा विचारतात, म्हणून त्यांनी विचारलं, “आणखी कोणी राहिलं आहे का?” इतर वेळी हा प्रश्न ते सगळ्यांच्या डोक्यावरून विचारतात. त्या दिवशी आमच्याकडं बघून विचारला आणि झाकलंच नाही. पेटीवाल्यानं शेवटचं कडवं तिसऱ्यांदा घेतलं. मग चौथ्यांदा.

आधी कोण उठलं ते मला माहीत नाही. भावजय म्हणते तो, बायको म्हणते मी. आम्ही गेलो. गुडघे टेकले, माझा डावा खरंच कडकडला. भाकरीचा तुकडा टाळूला चिकटला. छोट्या पेलीतला रस गोड लागला, नेहमीसारखा. मी वाट बघितली. शेजारी त्याचा श्वास ऐकू येत होता. काही झालं नाही. कुठून उजेड आला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. उठताना त्यानं मला हात दिला, कारण मी खरोखर अडकलो होतो.

बाहेर कडुनिंबाखाली तो चावी बोटाभोवती फिरवत उभा होता.

“झालं का तुझं?” त्यानं विचारलं.

“नाही. तुझं?”

“नाय.”

“मग आपण खाल्लं ते चाललं का?”

“ते मला काय विचारतो,” तो म्हणाला. “आत साहेब आहेत, त्यांना विचार.”

मी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी तो बसून राहिला. माझं त्या दिवशी, का कोण जाणे, थोडं सैल होतं. मी जाऊन आलो आणि त्याच्या शेजारी बसलो. त्यानंतरच्या महिन्यात दोघंही बसलो, एकाच बाकावर, आणि पाळकसाहेबांनी आमच्याकडं न बघता कापड झाकलं. मंडळीत याची आता सवय झाली आहे. कोणी गुडघ्याचं विचारत नाही. आम्ही ठरवलेलं असं काहीच नाही, पण ज्याचं त्या महिन्यात झालं नसेल तो बसतो, आणि ज्याचं झालं असेल तो जाऊन येऊन त्याच्याजवळ बसतो. कोणाचं कधी होईल याचा नेम नाही. मला अजून कबरस्तानातले ढग दिसतात. मी ते पाहिलेलेसुद्धा नव्हते.

परवाच्या रविवारी तो गेला, मी बसलो. परत आला तेव्हा त्याच्या बाकावर जागा होती, तरी तो माझ्याकडं आला. तोंडात भाकर होती म्हणून बोलला नाही. खांद्यानं ढकललं, सरक म्हणून. मी सरकलो.